सहा डब्यांचा अंदाज

लाकडाला किती स्टेन लागेल हे सांगणं, एवढंच काम मी एकतीस वर्षं केलं. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटायचं की जावई पेंटर आहे. मी दोन-तीनदा समजावून सांगितलं, मग सोडून दिलं. हातात ब्रश धरणारे वेगळे. मी मोजायचो, कागदावर आकडा लिहायचो, आणि त्या आकड्याप्रमाणे डबे सुटायचे.

स्टेन म्हणजे रंग नव्हे. रंग लाकडावर बसतो, स्टेन लाकडात उतरतो. त्यामुळे रेषा, गाठी सगळं दिसत राहतं, आणि पाऊस-उन्हापासून लाकूड वाचतं. आमची कंपनी दिघीच्या बाजूला होती. बंगल्यांच्या गच्च्या, सोसायट्यांचे क्लब, पोहण्याच्या तलावाचे काठ, हॉटेलांची अंगणं, जिथे म्हणून उघड्यावर लाकडी फळ्यांचा ओटा असेल, ज्याला हल्ली सगळे डेक म्हणतात, तिथे आमची माणसं जायची. पूर्वी या भागात डेक कुठे होते? पण चाकणला कारखाने आले, त्यांच्यामागून गेस्ट हाऊस आली, मग राजगुरुनगरपर्यंत फार्म हाऊसं झाली, आणि प्रत्येकाला बसायला लाकडाचा ओटा हवासा वाटू लागला.

हिशेब वरवर सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी, म्हणजे चौरस फूट. नव्या गुळगुळीत फळीवर एक लिटर साधारण शंभर चौरस फुटांना पुरतं. दुसरा हात पहिल्याच्या दोन तृतीयांश पितो. एवढं कुणीही शिकतो. पुढचं शिकायला वर्षं जातात. फळीला फक्त वरची बाजू नसते, दोन्ही कडा असतात. पायऱ्या असतात, कठडा असतो, आणि कठड्याच्या प्रत्येक दांड्याला चार बाजू असतात. शिवाय लाकूड जितकं जुनं आणि वाळलेलं तितकं जास्त पितं. ते बघायला साधी युक्ती आहे. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर लाकडाला अजून काही नकोय. क्षणात नाहीसे झाले तर कागदावरचा आकडा विसरायचा आणि नव्याने मांडायचा.

आकडा जास्त झाला तरी घोटाळा होतो. पिंपळे गुरवला एक निवृत्त मुख्याध्यापक होते. गच्चीवर लहानसा डेक. काम झाल्यावर पाऊण डबा उरला, आणि आमची माणसं गेल्यावर सरांनी तो स्वतःच्या हाताने वरून लावला. लाकडाचं पोट भरलेलं, ते आणखी पिणार कुठून? सगळा स्टेन वर तसाच चिकट राहिला. आठवड्याने फोन आला, "पवार, आमच्या सौभाग्यवती तिकडे उभ्या आहेत आणि त्यांची चप्पल उचलत नाहीये." मी गेलो तेव्हा चप्पल तिथेच होती, सौभाग्यवती मात्र पाय सोडवून खाली गेल्या होत्या. आम्ही सगळं पुसून काढलं. सर म्हणाले, "उरलेलं वाया घालवू नये, असं मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं हो."

हा किस्सा मी खूप ठिकाणी सांगितला. नव्या माणसांना शिकवताना सांगायचो, कंपनीच्या कार्यक्रमात सांगायचो, लोक हसायचे. आकडा कमी पडला तेव्हा काय झालं, हे मात्र कधी कुणाला सांगितलं नाही. दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असं आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी मुख्याध्यापकच लिहिले. चार पानं झाली. वाचून बघितली तर सगळी खरी होती आणि तरी खोटी वाटत होती. ती बाजूला ठेवली.

मधुकर कांबळे आमच्याकडे मिस्त्री होते. दापोडीचे. वडील कारखान्यात कामगार, पण यांचा हात लहानपणापासून लाकडाला लागलेला. सगळे त्यांना कांबळेदादा म्हणत. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणत, कारण मी कागदाच्या बाजूचा होतो. बोलणं कमी. फळीवर हात ठेवला की डोळे मिटायचे. पहिल्या पहिल्यांदा मला ते नाटकी वाटायचं. मग लक्षात आलं, तळव्याला कळतं ते डोळ्याला कळत नाही, म्हणून ते डोळे मिटतात. चौदा वर्षं त्यांनी आमच्या मालकांकडे काम केलं. त्यांनी केलेल्या डेकवर दोन हातांमधला जोड शोधून दाखवा, अशी आम्ही पैज लावायचो. जोड म्हणजे काय, तर फळी अर्धी लावून थांबलात आणि तो भाग वाळला, की पुढचा हात त्यावर चढतो तिथे गडद पट्टा उमटतो. तो मग जात नाही. म्हणून एका फळीला सुरुवात केली की टोकापर्यंत थांबायचं नाही. आणि म्हणूनच सगळा स्टेन आधीच जागेवर हवा, एकाच बॅचचा हवा, आणि सगळे डबे मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घ्यायला हवेत. एका बॅचचा तपकिरी दुसऱ्या बॅचच्या तपकिरीसारखा कधीच नसतो. थोडक्यात, आकडा चुकला तर तो लपत नाही. तो उन्हात पडलेला दिसतो.

चाकणजवळच्या एका कंपनीच्या गेस्ट हाऊसचं काम आलं. जेवणघराबाहेर साठ फूट बाय वीस फुटांचा डेक. सोमवारी परदेशातून त्यांचे मोठे लोक येणार होते आणि पहिलं जेवण त्या डेकवर ठरलेलं. आमच्या अंदाजपत्रकात एक रकाना होता, 'प्रत्यक्ष पाहणी केली'. त्यात खूण करून खाली सही करायची. मी त्या डेकची पाहणी केली नाही.

कारण काही मोठं नव्हतं. शनिवार होता. चाकणच्या चौकात ट्रक अडकलेत असं कुणीतरी सांगितलं. जाऊन येण्यात दिवस मोडणार. नकाशा तर टेबलावर होता, त्यावर साठ आणि वीस असे आकडे स्वच्छ लिहिलेले. बाराशे चौरस फूट. पहिल्या हाताला बारा लिटर, दुसऱ्याला आठ, कठड्याला चार. चोवीस लिटर, म्हणजे चार लिटरचे सहा डबे. मी सहा लिहिलं, रकान्यात खूण केली, सही केली आणि घरी जेवायला वेळेवर पोचलो. बायकोला आश्चर्य वाटलं होतं तेही आठवतं.

गुरुवारी सकाळी कांबळेदादांचा फोन आला.

"साहेब, ह्या फळ्यांना खाचा आहेत."

"कसल्या खाचा?"

"पाय घसरू नये म्हणून उभ्या खाचा मारल्यात सगळीकडं. आणि लाकूड चार उन्हाळे कोरडं पडलंय. करडं झालंय पार. पाणी टाकलं तर दिसायच्या आत गेलं. लई पितंय. तुम्ही बघितलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो, बघितलं होतं. हात जरा ओढून लावा."

ओढून लावा! खाचांमध्ये ब्रश दाबल्याशिवाय स्टेन जात नाही, हे मला माहीत होतं. तो माणूस चौदा वर्षं हेच करत होता आणि मी त्याला ओढून लावायला सांगत होतो.

पहिल्या हातातच पाच डबे गेले. शुक्रवारी सकाळी पुन्हा फोन. "साहेब, एकच डबा राहिलाय. सगळे डबे आल्याशिवाय मी दुसरा हात सुरू करत नाही."

तिकडे गेस्ट हाऊसचा व्यवस्थापक माझ्या दुसऱ्या फोनवर ओरडत होता की माणसं बसून आहेत, काम थांबलंय. मी कांबळेदादांना म्हणालो, "तुम्ही सुरू करा. तीन डबे निघालेत, तासाभरात पोचतात."

"त्याच बॅचचे?"

"त्याच बॅचचे," मी म्हणालो. गोदामात विचारलं नव्हतं. डबे निघाले होते एवढंच मला ठाऊक होतं.

त्यांनी माझ्या शब्दावर सुरुवात केली. जुन्या डब्यात एक तृतीयांश डेक झाला. मग नवे डबे आले, उघडले, आणि लावल्यावर तपकिरीच्या जागी विटकरी छटा उतरली. दुपारी मी आणि मालक पोचलो तेव्हा डेकच्या एक तृतीयांशावर, वीस फूट रुंदीभर, एक सरळ रेषा होती. अलीकडे एक रंग, पलीकडे दुसरा. कांबळेदादा ब्रश पाण्यात न टाकता हातात तसाच धरून उभे होते. मी तो डेक आयुष्यात प्रथमच बघत होतो. खाचा दारातूनच दिसत होत्या.

मालक वाईट माणूस नव्हते. पण गिऱ्हाइकाच्या माणसांसमोर त्यांची शोभा झाली होती. त्यांनी कागद काढला.

"पवार, सहा डब्यांचं काम. नऊ कसे लागले? पाहणी केली होतीस ना?"

त्या वेळी खरं बोलायला एक श्वास पुरला असता. नाही केली, माझी चूक आहे, एवढंच. मालक चिडले असते, कदाचित महिनाभर बोलले नसते. नोकरी गेली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, "केली होती."

मालकांनी कांबळेदादांकडे बघितलं. "मग तीन डबे गेले कुठे?"

कांबळेदादा म्हणाले, "लाकडात गेले."

"पवारने बघून लिहिलंय. इतक्या वर्षांत त्याचा आकडा तीन डब्यांनी चुकला नाही."

कांबळेदादांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादा माणूस पुढचं वाक्य बोलेल म्हणून आपण थांबतो तसं. मी खाली वाकून एक फळी तपासू लागलो.

संध्याकाळी गेटवर सुरक्षारक्षकांनी त्यांची पिशवी तपासली. स्कूटरची डिकी उघडायला लावली. बरोबर आणखी चौघे होते, त्यांना तसंच जाऊ दिलं. चौघांना सोडून याच माणसाला का अडवलं, याची कारणं मी मनाशी बरीच शोधली, आणि त्यातलं एकही मला धड वाटलं नाही. पिशवीत जेवणाचा डबा, एक जुना बनियन आणि तीन ब्रश निघाले. ब्रश त्यांचे स्वतःचे होते. मी मालकांच्या गाडीत मागे बसलो होतो आणि काच वर होती.

त्यांना कुणी कामावरून काढलं नाही. फक्त पुढच्या कामाला बोलावलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ते स्वतःहून विचारायला आले नाहीत. बरोबरचे दोघे दापोडीचेच होते, त्यामुळे गोष्ट कांबळेदादांच्या आधी गल्लीत पोचली असणार. पुढे कळलं की ते चाकणला एका ठिकाणी लाकडी खोकी ठोकायला लागलेत. परदेशी पाठवायच्या यंत्रांसाठी पाइनच्या कच्च्या फळ्यांची खोकी करतात, ती. त्या लाकडाला ना पॉलिश पेपर मारायचा असतो, ना स्टेन. खिळे मारायचे आणि पुढे ढकलायचं. तळव्याने लाकूड ओळखणारा माणूस नऊ वर्षं खिळे मारत होता.

डेक दुसऱ्यांनी घासून पुन्हा केला. पाहुणे आत जेवले.

आणि मी? मी सुधारलो. त्यानंतर मी एकही अंदाज जागेवर न जाता लिहिला नाही. गुडघे टेकून फळ्यांच्या फटी मोजल्या, खिशात पाण्याची छोटी बाटली ठेवली. माझे आकडे इतके नेमके यायला लागले की मालक बाहेरच्या लोकांना कौतुकाने सांगायचे, पवार म्हणेल तेवढेच डबे लागतात. निवृत्तीच्या दिवशी शाल देताना तेच म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मला एकच हिशेब आठवत होता, आणि तो बरोबर मांडायला मला दहा मिनिटं लागली होती. त्या शुक्रवारी संध्याकाळीच, ऑफिसात परतल्यावर, खाचा आणि कोरडं लाकूड धरून मी पुन्हा मांडला होता. नऊच येत होते. कागद मी फाडून टाकला.

मुख्याध्यापकांची चार पानं बाजूला ठेवल्यावर आठ दिवसांनी मी दापोडीला गेलो. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी सांगावं, एवढं तरी.

घर शोधायला त्रास झाला नाही. कांबळेदादा कॉटवर बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"या साहेब. शोभा, पवार साहेब आलेत. चहा टाक."

शोभावहिनींना मी पूर्वी दोनदा भेटलो होतो. त्यांनी मान हलवली, बसा म्हणाल्या नाहीत. मी खुर्चीवर बसलो. इकडचं तिकडचं बोलायची तयारी करून गेलो होतो, ती उपयोगाला आली नाही.

"दादा, मी त्या डेकची पाहणी केली नव्हती," मी म्हणालो. "नकाशावरून लिहिलं होतं."

"माहितीय," ते म्हणाले.

"कसं काय?"

"गेटवर माझी पिशवी उपसत होते ना, तेव्हा समोर येणाऱ्याजाणाऱ्यांचं रजिस्टर पडलं होतं. मी मागची पानं उलटली. शनिवारी तुमची सही नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यातही नाही."

"मग तिथेच बोलला का नाहीत? रजिस्टर दाखवलं असतं तर..."

"तुम्ही गाडीत होता की," ते म्हणाले. "म्हटलं, काच खाली करतील आता."

आत स्टोव्हवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

मग तेच म्हणाले, "मला सांगून काय होणार साहेब? मला माहीतच होतं. हिला सांगा."

शोभावहिनी दारात येऊन उभ्या होत्या. मी उठून उभा राहिलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. चौकातले ट्रक, रकान्यातली खूण, बॅचबद्दल मारलेली थाप, मालकांसमोर बोललो ते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "खरे किती डबे लागत होते?"

"नऊ."

"आणि हे किती म्हणत होते?"

"ते म्हणत होते, लाकडात गेले."

त्यांनी पदराने हात पुसले. "माझ्या सख्ख्या दिराने विचारलं होतं मला. वहिनी, डबे विकले का घरात आहेत म्हणून. आमच्याच घरात बसून." मग त्या आत गेल्या. चहा घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला. तो मी प्यायलो. तो नाकारायचा अधिकार मला नव्हता.

मी कांबळेदादांना म्हणालो, की हे लिहून छापायचं मनात आहे. तुमचं नाव बदलतो.

"का? बदनामी झाली तेव्हा खऱ्या नावाने झाली. तुम्ही खरंच लिहा. मधुकर कांबळे, दापोडी."

म्हणून वर तसंच लिहिलं आहे.

निघताना पायताण घालत होतो. शोभावहिनी मागे आल्या होत्या. त्या दाराच्या फळीवर हात ठेवून म्हणाल्या, "हे दार त्याच वर्षी बसवलं होतं. सागाचं आहे. त्या कामानंतरच्या रविवारी पॉलिश करणार होते हे. मग म्हणाले, नको. लोक म्हणतील, बघा, तिथलाच डबा."

मी दाराकडे बघितलं. अकरा पावसाळे अंगावर घेतलेलं कोरं लाकूड. खालची हातभर फळी काळी पडली होती, चिरली होती. कडा फुगून चौकटीला घासत होत्या.

"मी करून देऊ का?" मी विचारलं. विचारताना काय विचारतोय ते कळलं, पण तोवर बोलून झालं होतं.

कांबळेदादा उठून दारापर्यंत आले होते. त्यांनी अंदाजाने फळीवर तळवा टेकवला. काळ्या चष्म्यामागे डोळे मिटले की नाही, ते मला दिसलं नाही.

"आता नाही पिणार ते," ते म्हणाले. "आतून गेलंय."

मी पायरी उतरलो. मागे दार एकदम लागलं नाही. फुगलेलं दार थोडं उचलून ओढावं लागतं. दोघांनी मिळून ते ओढल्याचा आवाज मी गल्लीत उभा राहून ऐकला.